अर्धा घास

आतून गंगाआईने विचारलं, "आला का रं धुंडू?"

"अजून नाही," बाबा म्हणाले.

दारात उभा असलेला धुंडीगिरी चमकला. "बाबा, मी तुमच्यासमोर उभा आहे. आणि तुम्ही आईला नाही म्हणून सांगता?"

निवांतगिरी बाबा उंबऱ्यावर बसले होते. ते उठले नाहीत, बाजूलाही सरकले नाहीत.

"आलास म्हणतोस?"

"हिमालयातून आलोय!" म्हणता म्हणता धुंडीला खोकला आला.

डोंगराच्या कुशीतला तो गोसाव्यांचा लहानसा मठ. धुंडीला तान्हेपणी कुणीतरी तिथे आणून सोडलं होतं. मंत्र दिला बाबांनी, पण वाढवलं ते मठात रांधणाऱ्या गंगाआईने. मोठा झाला आणि तप करायला उत्तरेत निघून गेला. मागे ती थकली, दम्याने खाटेला खिळली, तरी दारात पाऊल वाजलं की हाच प्रश्न विचारायची. धुंडीही बर्फात डोळे मिटून बसला की देवाच्या आधी त्याला तिचा चेहरा दिसायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. तपस्वी ना तो!

"खोकला कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"परवा गाडीत शेजारचा माणूस सारखा शिंकत होता. साधी सर्दी आहे."

"आणि अंग?"

धुंडीने कपाळ पुढे केलं. "हात लावून बघा. थंड आहे."

"गोळी खाल्लीस."

धुंडीने कपाळ मागे घेतलं. आईचा हात आधी कपाळावर येणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून बसस्थानकावर उतरल्या उतरल्या त्याने गोळी घेतली होती.

"गोळीने कपाळ निवलं," बाबा म्हणाले. "खोकल्यातून जे उडतं, ते निवलं का?"

"मी उघड्या अंगाने बर्फात बसलोय, बाबा. असला फ्लू, तरी मला काय करणार?"

"तू बसलास. गंगाआई नाही बसली."

...

आत खाट करकरली. तिच्या श्वासाची बारीक शीळ दारापर्यंत ऐकू येत होती.

"लस नाही टोचली तिला?"

"टोचली. मीही घेतली. दरवर्षी घेतो."

"दरवर्षी कशाला? एकदा घेतली की झालं."

"हा ताप बहुरूप्यासारखा. दर वर्षी सोंग बदलून येतो."

"मग लस आहे तर भीती कसली?"

"छत्री आहे म्हणून तिला ओढ्यात उभी करू?"

धुंडीच्या नाकावर राग आला. एवढ्या वर्षांनी घरी यावं आणि घरच्यांनी दारातच अडवावं, हे त्याला फार लागलं.

"किती दिवस बाहेर ठेवणार मला?"

"ताप उतरू दे. खोकला निवळू दे. आठवडा म्हण. परसातली खोली झाडून ठेवतो, तिथे वारं खेळतं. डॉक्टरांनाही दाखवू."

"आणि तोवर आई...?"



बाबा उठून आत गेले. आले तेव्हा हातात एक ताट होतं. ताटात बाजरीची भाकरी, थोडं पिठलं. भाकरीचा एक घास मोडून कडेला ठेवलेला.

धुंडीला भरून आलं. मठातलं कुणी लांबून परतलं की गंगाआई आपल्याच ताटातला पहिला घास त्याच्यासाठी मोडायची. अर्धा त्याने खायचा, उरलेला अर्धा ती खायची. मग ती म्हणायची, आता आलास खरा.

"पाऊल वाजलं तेव्हा मोडला तिने," बाबा म्हणाले. "रोजच मोडते म्हणा."

त्यांनी ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि बाजूला झाले. दार मोकळं झालं.

"खा. तुझं उष्टं मी तिला नेऊन देतो."

धुंडीने हात पुढे केला. किती वर्षं हा घास त्याने मनात खाल्ला होता. बोटं भाकरीजवळ गेली... आणि घशात खोकल्याची उबळ आली.

त्याने झटकन हात मागे घेतला. तोंड वळवून कोपरात खुपसलं आणि तसाच पायऱ्या उतरून पार अंगणाच्या टोकाला, विहिरीपाशी गेला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. का नुसतंच आलं, कोण जाणे.

मग त्याने साबण मागून हात धुतले. खांद्यावरची भगवी छाटी नाकातोंडावर गच्च बांधली.

"बाबा," तो तिथूनच म्हणाला, "घास तुम्ही मोडा. तिचा अर्धा आधी तिला द्या. माझा इथे कठड्यावर ठेवा."

"आत येत नाहीस?"

धुंडीने मान हलवली. छाटी डोळ्यांखाली भिजली होती.

"तिची खिडकी तेवढी उघडता का? इथून दिसेल मला."

बाबांनी घास मोडला. अर्धा कठड्यावर ठेवला, हात धुतले, अर्धा घेऊन आत गेले. अंगणाकडची खिडकी त्यांनी सताड उघडली. विहिरीपाशी बसलेला धुंडी छाटीआडून टक लावून बघत होता.

"कोन हाय रं तितं, इतक्या लांब?" गंगाआईने विचारलं.

बाबांनी तिच्या हातावर घास ठेवला.

"धुंडू. आत्ताच आला."