चंद्राईची वेल आणि भिवबाचे हात

पुष्कळ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मुलांनी ऐकावी, आणि जमल्यास मोठ्यांनी जरा जास्तच ऐकावी.

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात चंद्राई आणि तिचा नवरा भिवबा राहत. घरामागे मातीचा उतार होता आणि त्याच्या पायथ्याशी त्यांच्या गाईचा गोठा. दर पावसाळ्यात वरची माती गोठ्यात उतरायची आणि दोघे ती घमेल्यांनी उपसायचे.

चंद्राईच्या बहिणीने एकदा वरच्या थंड मुलखातून एका वेलीच्या कांड्या पाठवल्या. आज बागवाले जिला आयव्ही म्हणतात, तीच ही वेल. सोबत निरोप होता, "सावलीत जमिनीवर पसरते, पेरापेराला मुळं फुटतात, माती धरून ठेवते. पहिलं वर्ष मात्र नुसती बसून राहील. तिच्या मागे लागू नका."

चंद्राईने साऱ्या उतारावर कांड्या लावल्या. भिवबा मनाने चांगला होता, पण हात स्वस्थ नसत. आठवडाभरात त्याने एक कांडी उपटली.

"काय करताय?" चंद्राईने विचारले.

"मूळ फुटलं का ते बघतोय."

"मग?"

"फुटत होतं वाटतं."

"आता नाही फुटायचं," असे म्हणून तिने कांडी पुन्हा खोचली.

दुसऱ्या दिवशी त्याने दुसरी उपटली. त्यानंतर तिसरी. चंद्राईने समजावले, रागावून झाले, अबोला धरून झाला. शेवटी वैतागून तिने एका मातीच्या कुंडीत एक कांडी लावली आणि ती ओट्यावर आणून ठेवली.

"ही तुमची. हिला फिरवा, उपटा, काय हवं ते करा. उताराला हात लावायचा नाही."

भिवबा खूश झाला. सकाळी कुंडी उन्हात, दुपारी विहिरीपाशी, आणि जाता-येता तांब्याभर पाणी. उन्हाने पाने करपली, पाण्याने मुळे कुजली. बायकोला सांगायची त्याला लाज वाटली. ती बाजाराला गेल्यावर त्याने उतारावरची एक वेल काढून कुंडीत लावली. गोठ्याच्या वरची, कारण तिथे ओल होती आणि वेल छान धरली होती. तीही मेली. त्याने आणखी एक काढली.

कुंडी कायम हिरवी दिसे. "आलं बाई शहाणपण," असे चंद्राईला वाटले.

दुसऱ्या वर्षी सारा उतार पानांनी झाकला. गोठ्याच्या वर तेवढी माती उघडीच.

"इथंच का येत नाही?" तिने विचारले.

"माती वाईट असेल," भिवबा म्हणाला.

तिने तिथे शेणखत घातले, नव्या कांड्या लावल्या. त्याही एकेक करून ओट्यावर गेल्या. तिने पुन्हा खत घातले.

मग श्रावणातल्या एका दुपारी जोराचा पाऊस आला. सारा उतार जागचा हलला नाही, फक्त तो उघडा तुकडा सुटला आणि गोठ्यावर कोसळला. आतून गाय हंबरत होती. दोघांनी हातांनी चिखल उपसून तिला बाहेर ओढले. गाय वाचली, पण मागचा एक पाय कायमचा अधू झाला.

तेव्हा भिवबाने सगळे सांगितले.

चंद्राई म्हणाली, "मी तिथं दोनदा खत घातलं. तुम्ही बघत होतात."

उरलेला पावसाळा गाय स्वयंपाकघरात बांधलेली होती. चुलीपाशी शेण, शेणापाशी भाकरी. चंद्राई रोज गाईच्या पोटाला वळसा घालून पीठ काढायची आणि भिवबाकडे बघायचीही नाही. भिवबाने उघड्या जागेवर नव्या कांड्या लावल्या, हात धुतले आणि घरात येऊन गाईचा पाय शेकत बसला. त्या वर्षी तो पुन्हा उताराकडे फिरकला नाही.

तात्पर्य: रुजत घातलेल्याला रुजू द्यावे, सारखा लागणारा हात मायेचा असला, तरी मूळ तुटतेच.