सव्वा लाखाच्या पाच मुठी

बंधाऱ्याचं पाणी आधी कोणत्या वाडीला, हे दरवर्षी देवळात ठरे. गणोबा गुरव तांब्या धरत. आत पाच वाड्यांच्या पाच सुपाऱ्या, त्यांतली एक शेंदरी. प्रत्येक वाडीतल्या एकानं न बघता एक उचलायची; शेंदरी ज्याच्या हाती लागेल, त्याच्या वाडीला पहिलं पाणी.

त्या वर्षी पावसानं दडी मारली आणि वरच्या वाडीच्या इनामदारांनी टूम काढली. "पहिला हात हवा त्यानं महिनाभर माझ्या मळ्यात वेठ करावी. मागच्यांना काय, उरलंसुरलं."

लोक घाबरले. एकानं महिना कबूल केला, दुसऱ्यानं दोन.

तेवढ्यात खालच्या वाडीची भागूबाई कुंभारीण पुढे झाली. "सरकार, पहिला हात तुमचाच, शेवटचा माझा. फक्त पाचही हात निघेपर्यंत कुणी मूठ उघडायची नाही."

इनामदार हसून कबूल झाले. एकेक हात आत गेला. तांब्या रिकामा झाला, समोर पाच झाकल्या मुठी.

"आता सांगा सरकार, शेंदरी कुणाकडे असण्याचा संभव जास्त?"

इनामदारांनी मुठींवरून दोनदा नजर फिरवली.

"आधीच्यानं मूठ उघडली, तरच मागच्याचं दैव हलतं," भागूबाई शांतपणे म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मग पाचही झाकलेल्या असताना एकट्या सरकारांचीच दीड लाखाची कशी?"

तीस वर्षं शेवटच्या हाताची कीव करत आलेल्या गणोबांनी रिकामा तांब्या खाली ठेवला आणि देवाआधी भागूबाईला हात जोडले.