दोन दवंड्या आणि तलावाचा बांध

फार फार वर्षांपूर्वी, एका डोंगराळ राज्यात राजाने आपला प्रधान निवडण्याचं काम प्रजेवर सोपवलं. दोन जण पुढे आले, वयाने एक थोरला, एक धाकटा. राजधानीच्या चौकात रोज त्यांचा वाद रंगू लागला.

राज्यातल्या मोठ्या तलावाच्या बांधाखाली एक वाडी होती. तिथे सारजा नावाची बुरडीण टोपल्या विणून दोन लेकरांना वाढवत होती. राजधानी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, म्हणून वादाची खबर दवंडीवालेच आणत.

सकाळचा दवंडीवाला ओरडला, "थोरल्या उमेदवाराची बोबडी वळली हो! भर सभेत पाणी मागितलं!"

संध्याकाळी दुसरा आला. "थोरले शांतपणे पाणी प्यायले आणि धाकट्याला निरुत्तर केलं हो!"

सारजा गोंधळली. चार दिवस हेच चाललं. सकाळी धाकटा शहाणा वाटे, संध्याकाळी थोरला. वाडीत शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. सारजाला रात्री झोप लागेना. कौल द्यायचा तरी कुणाला?

पाचव्या दिवशी ती स्वतःच राजधानीत गेली.

चौकात दोघे उमेदवार बोलत होते. तलावाचा बांध दगडाने बांधावा की मातीने, यावर त्यांची जुंपली होती. पण एक गोष्ट दोघांनीही सांगितली, "बांधाला तडा गेलाय. खालच्या वाडीने आजच टेकडीवर जावं."

दोन्ही दवंडीवाले तिथेच उभे होते. सारजाने त्यांना विचारलं, "दादा, हे आम्हाला का नाही सांगितलंत?"

"अहो बाई, यावर दोघांचं एकमत आहे," पहिला म्हणाला. "भांडण नसेल तर ऐकायला कोण थांबतं?" दुसऱ्याने मान डोलावली. त्या दोन दवंडीवाल्यांचं एकमत झालेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं.

ती धावतपळत वाडीत आली आणि घरोघर सांगत सुटली.

शेजारचे दौलूकाका हसले. "सारजे, दोन दवंडीवाले रोज येतात. त्यांना नाही कळलं आणि तुला एकटीला कळलं?"

सारजा क्षणभर चाचरली. आपलंच ऐकण्यात चुकलं की काय? पण तिने लेकरांना उचललं आणि टेकडी गाठली. निम्मी वाडी तिच्यामागून आली. निम्मी तिथेच राहिली; थोरला बरा की धाकटा, हा वाद त्या लोकांना अर्धवट सोडवेना.

तिसऱ्या दिवशी बांध फुटला. घरं गेली, गुरं गेली. दौलूकाकांना झाडावरून जिवंत उतरवलं, पण त्यांचा भाऊ सापडला नाही.

कौल कुणाला द्यावा, हे सारजाला तेव्हाही नीट उमगलं नव्हतं. पण त्यानंतर वाडीतली दोन माणसं आळीपाळीने चौकात जाऊन बसू लागली, आणि परतल्यावर आधी दोन्ही उमेदवारांचं बोलणं जसंच्या तसं सांगू लागली.

तात्पर्य : वादात कोण जिंकलं हे विचारण्याआधी, कोण काय बोललं ते विचारावं.