वनिताचा हिवाळा

"गपगुमान बक्षीस घ्यायला काय झालं होतं त्या पोरीला, गुरुजी?"

अरुणाबाई अजून धापा टाकत होत्या. चपला काढायचंही भान राहिलं नव्हतं.

माणिकगुरुजी ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. बोलण्याच्या बाबतीत हा माणूस पहिल्यापासूनच कंजूष. सगळा जन्म त्यांनी गावच्याच शाळेत घालवला. अरुणा चौथीत असताना तिला रंगीत खडू धरायला शिकवलं ते त्यांनीच. आता तीच अरुणा त्याच चौथीची बाई झाली होती, आणि बाई झाल्याचं तिला जरा जास्तच वाटत होतं.

"कोणती पोर?"

"वनिता. ऊसतोडीला जाणाऱ्या चव्हाणांची."

"काय केलं तिनं?"

"भर कार्यक्रमात नाक कापलं माझं!"

झालं होतं ते असं. बाईंनी वर्गात 'ऋतूंचे रंग' असा उपक्रम घेतला होता. मोबाइलवर रंग भरायची चित्रं शोधली, झेरॉक्स मारून पोरांना वाटली. उन्हाळ्याला आंबा, पावसाळ्याला छत्री आणि हिवाळ्याला गळ्यात मफलर बांधलेला बर्फाचा माणूस. गाव बीडकडचं. इथं बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर, आणि तोही उन्हाळ्यात. पण एवढा विचार करायला बाईंना सवड कुठं होती? पाहणीला साहेब येणार होते, भिंत भरायची होती.

पोरांनी मुकाट्यानं मफलर लाल केले. वनितानं मात्र हिवाळ्याचा कागद जसा घेतला तसा परत दिला. कोरा.

भिंतीवर एक जागा रिकामी राहिली. ती काही बाईंना बघवेना. मधल्या सुट्टीत त्यांनी वर्गाचं दार लोटून घेतलं, तो कागद स्वतःच रंगवला आणि खाली वनिताचं नाव घातलं. हात कसलेला, चित्र झकास उतरलं. साहेबांनी नेमकं तेच उचललं आणि पहिलं बक्षीस देऊन टाकलं.

"पोरीला पुढं बोलावलं. तर माइकसमोर म्हणते, हे माझं नाही, बाईंनी रंगवलंय."

"मग तू?"

अरुणाबाईंनी नजर चुकवली.

"सगळे बघत होते, गुरुजी. साहेब, सरपंच, पोरांचे आईबाप..."

"मग तू?"

"म्हटलं... खोटं बोलू नकोस."

गुरुजींच्या बोटांतली शेंग फुटायची राहिली.

"आता कुठंय ती?"

"गेली! आज सकाळी, टोळीबरोबर." अरुणाबाई मटकन ओट्याच्या कडेला बसल्या. "दरवर्षी दिवाळी झाली की जाते आणि होळीनंतर येते. आली की मागचं सगळं विसरलेली असते. यंदा तिला आजीपाशी ठेवा म्हणून किती खेटे घातले मी त्यांच्या दारात! हातापाया पडले. आई तयार झाली होती, गुरुजी. पोरगीच ट्रॅक्टरवर चढून बसली. उतरायलाच तयार नाही."

बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. राग होताच, पण रडूही होतं. आणि ते रडू खरं होतं, हे सांगायलाच हवं.

"टोळीचा मुकादम तुमच्या हाताखाली शिकलेला. तुमचा शब्द तो खाली पडू देणार नाही. फोन लावा ना. फार लांब गेले नसतील अजून."

गुरुजींनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"कागद कोरा का, हे सांगितलं तिनं?"

"सांगितलं. म्हणाली, बाई, आमच्या हिवाळ्यात हा माणूस नसतो."

"कोण असतं?"

अरुणाबाईंनी आता कुठं चपला काढल्या.

"मी विचारलं नाही."

समोरच्या रस्त्यानं उसाच्या टोळीचा आणखी एक ट्रॅक्टर गेला. भांडीकुंडी, शेळ्या, गोधड्या आणि त्या गोधड्यांवर बसलेली पोरं. अरुणाबाई त्याच रस्त्याला राहत होत्या. असे ट्रॅक्टर त्यांनी लहानपणापासून बघितले होते. आज मात्र त्यांनी मान खाली घातली.

गुरुजींनी फोन लावला.

मुकादम लगेच बोलला. होय गुरुजी, आहे ना पोरगी, इथंच आहे. चहाला थांबलोय. देतो की तिच्याकडं.

अरुणाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी फोनसाठी हात पुढे केला.

पलीकडून मुलांचा कलकलाट ऐकू येत होता. कोणीतरी "अगं घे की, बाई आहेत" म्हणत होतं.

"गुरुजी," मुकादमाचाच आवाज आला. "पोरगी फोन हातात धरीना. म्हणते, बाई म्हणतील तेच खरं."

फोन बंद झाला.

अरुणाबाईंचा हात तसाच पुढे राहिला होता. त्यांनी तो हळूच मागं घेतला आणि पदरात लपवला.

"बक्षिसात काय होतं?" गुरुजींनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून रंगांची पेटी काढली. तिच्यावरचा चकचकीत कागद अजून निघालेला नव्हता. पेटी त्यांनी वनिताच्या घरी नेली होती, ट्रॅक्टर हलायच्या आधी. तिनं ती घेतली नव्हती.

गुरुजींनी पेटी हातात घेऊन बघितली. मग ती बाईंच्याच ओंजळीत परत ठेवली.

"ही तुझी."

"गुरुजी, असं नका ना..."

"चित्र तू रंगवलंस. बक्षीस तुझं."

अरुणाबाईंना आता रडू आवरेना. चौथीत रंग सांडला तेव्हा याच ओट्यावर त्या अशाच रडल्या होत्या, आणि तेव्हा गुरुजींनी डोक्यावरून हात फिरवला होता. आज गुरुजी जागचे हलले नाहीत.

"उद्या वर्गात मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

गुरुजींनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"रोज जातेस तशीच जा. हजेरी घे."

"आणि वनिताचं नाव आलं की?"

शेंग फुटल्याचा आवाज झाला.

"हजर, असं तूच म्हण."