वेळशेतच्या उतारावरचा हात

तुम्ही ज्या पुलावरून आलात, त्याच्या खाली बघितलंत का? खाडीत आडवी काळ्या खडकाची धार गेलीय, तिला आम्ही उतार म्हणतो. ओहोटी लागली की तिच्यावरून चालत पलीकडे जाता येतं. आता पूल झाला, रिक्षा थेट दारात येते, तरी वेळशेतची नवरी सासरी जाते ती या उतारावरूनच, शालू गुडघ्यापर्यंत खोचून. पार्लरवाली पोर कपाळाला हात लावते, पण तिचं कोण ऐकतंय!

या रिवाजाचं मूळ एका फिरंग्यापर्यंत जातं, असं सांगतात.

तेव्हा पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे होती म्हणे, आणि खाडीच्या तोंडाशी त्यांचा लहानसा कोट होता. त्या कोटावर स्पेनचा एक मोठा सरदार आला. नाव इनिगो, गावाच्या तोंडी इन्गूसाहेब. एवढा दरबारी माणूस या चिखलात कशाला आला, ते त्याच्या दुभाष्यानं, मानवेलनं, पुढे गावाला सांगितलं.

राजवाड्यात इन्गूसाहेबाला मोठा मान. धाकट्या राजकन्येच्या मागे चालायचं, हे त्याचं काम. पण तिला हात लावायचा हक्क त्याचा नव्हे. तो एका म्हाताऱ्या उमरावाचा. तिला घोड्यावर चढवायचं, उतरवायचं, ते त्यानंच. राजघराण्याच्या अंगाला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही, असा तिथला कायदा. एका दुपारी पोर बागेतल्या तळ्यात पडली. इन्गूसाहेब काठावरच होता; नुसता वाकला असता तरी हाताला लागली असती. पण पिढ्यांचं वळण अंगात मुरलेलं. तो त्या उमरावाला बोलवायला धावत सुटला. दोघे आले तोवर सगळं आटोपलं होतं.

राजानं शिक्षा केली असती तर बरं झालं असतं. राजानं त्याच्या गळ्यात सोन्याची साखळी घातली. भर दरबारात म्हणाला, "काळजावर दगड ठेवून रीत पाळणारा असा माणूस दुसरा नाही." त्या दिवसापासून त्याला घास गिळवेना. जिथे आपल्याला कुणी ओळखणार नाही अशी जागा त्यानं राजाकडे मागून घेतली.

इथे तो रोज ओहोटीच्या वेळी उताराशी येऊन उभा राहायचा. कुणाशी बोलणं नाही. भर उन्हाळ्यातही हातात चामड्याचे मोजे. बायका कुजबुजायच्या, "कोड असेल गं बाई." दुसरी म्हणायची, "एवढ्या गोऱ्याला कोड झालं तर दिसणार तरी कसं?"

उताराचेही कायदे होते. आधी विसाजी खोताच्या घरची माणसं पलीकडे जाणार, मग बाकी गाव, सगळ्यात शेवटी गावकुसाबाहेरची वस्ती. त्यांची पाळी येईतो भरती लागलेली असायची, पाणी मांडीला. वस्तीतलं शेवटचं माणूस काठाला लागेपर्यंत इन्गूसाहेब जागचा हलत नसे.

असंच एकदा बाजाराहून परतताना सगळं गाव अलीकडे आलं, आणि वस्तीतली भागी तेवढी मागे राहिली. डोक्यावर मिठाची पाटी. मध्यावर तिचा पाय सटकला आणि ती धारेवरून खोल पाण्यात गेली. काठावर गाव उभं होतं. विसाजी ओरडला, "अरे, वस्तीत पळा कुणीतरी! तिचं माणूस आणा, तो काढील!"

"काय म्हणतोय?" इन्गूसाहेबानं विचारलं.

मानवेल म्हणाला, "हात लावायचा हक्क ज्याला आहे, त्याला बोलवा म्हणतो."

इन्गूसाहेबानं मोजे ओरबाडून काढले आणि बुटांसकट पाण्यात उडी घेतली. मानवेल दोर आणायला कोटाकडे धावला. साहेबानं भागीला खालून रेटा देऊन खडकावर चढवलं. पण पाण्यानं त्याला खेचून काठाशी आणलं. तिथे चिखलात बोटं रुतवून त्यानं दुसरा हात वर केला. एक तर फिरंगी, त्यात आता भागीला शिवलेला. खोताचा मुलगा रायाजी वाकला होता, असं सांगतात. बापानं त्याचा खांदा धरला. "घरात कसा येशील मग? त्याचे शिपाई येतायत, ते काढतील."

इन्गूसाहेबानं काठावरचा एकेक चेहरा बघून घेतला. खडकावरून बघत असलेली भागी पुढे सांगायची, त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. ओळखीची माणसं भेटल्यासारखा बघत होता. मग पाण्यानं त्याला नेलं, की त्यानंच बोटं सोडली, ते कुणाला कळलं नाही. मानवेल दोर घेऊन आला तो तसाच उभा राहिला.

दुसऱ्या ओहोटीला गाव बाजाराला निघालं, तर जिथे जेमतेम एक पाऊल मावतं तिथे भागी वाट अडवून उभी. हात पुढे.

"बाजूला हो, भागे!" विसाजी काठावरून गरजला.

"हात धरा, खोत. मग सरकते."

तिला ढकलायला रायाजीला पुढे पाठवला. ती तसूभरही हलली नाही, पण त्याचाच पाय निसटला, भागी पडली होती त्याच जागी. भागीनं ओणवं होऊन हात त्याच्या तोंडापाशी नेला. काठावरून विसाजीचा आवाज फाटला, "धर रे! धर तिचा हात!"

पण पोरानं आधी बापाकडे बघितलं. हे खरंच म्हणतोय का, असं. तेवढ्यात पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं, तो पुन्हा वर आला नाही.

भागी हात पुढे करून तशीच उभी, आणि खोत काठावर बसून होता म्हणे. भरती चढायला लागली तेव्हा उठला, एकटाच उतारावर चालत गेला, आणि भागीचा हात धरून तिला काठाला घेऊन आला.

आजही नवरी उतारावर पाऊल टाकते ती पुढच्याचा हात धरून, आणि तो हात घरच्या माणसाचा चालत नाही. कुणाचा, ते विचारायचं नाही. असा एकमेकांना धरून सगळा घोळका पार होतो. फक्त रांगेतलं शेवटचं माणूस आपला रिकामा हात मागे, पाण्याकडे धरून चालतं; आणि काठाला लागलं तरी तो लगेच खाली घेत नाही.