महाराज शेवटी बोलले

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. सात गावांचं. सातही गावांची दौलत एकच, गुरंढोरं. दूधदुभतं, नांगर, गाडी, खत, सगळा संसार गुरांच्या जिवावर चालायचा.

एका वर्षी गुरांवर रोग आला. सकाळी धडधाकट असलेली गाय संध्याकाळी मान टाकायची. गोठ्यामागून गोठे रिकामे होऊ लागले.

राजाने सभा भरवली. भला मोठा मांडव पडला, सनई-चौघडा वाजला, पाचशे माणसं जमली. भाषणं झाली, एकमेकांची उणीदुणी काढून झाली, मग श्रीखंड-पुरीवर ताव मारून माणसं ढेकर देत घरी गेली. ठरलं काहीच नाही. महिन्याभराने दुसरी सभा झाली. तिचीही तीच गत.

त्यातच म्हातारे प्रधानजी आजारी पडले. तिसरी सभा भरवायची कुणी? राजाने विचार केला आणि राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून मैनाक्काला बोलावणं धाडलं. मैनाक्का तिथली मुख्य आचारीण. तीस वर्षं चुलीपुढे काढलेली, बोलायला मोजकी, हाताला चपळ.

"मैनाक्का, हजार पानांची पंगत तुम्ही वेळेवर बसवता आणि कुणी उपाशी उठत नाही," राजा म्हणाला. "ही सभा तुम्ही भरवा."

मैनाक्का म्हणाली, "महाराज, मला भात कळतो. राज्यकारभार नाही कळत."

"ज्यांना कळतो, त्यांनी दोन सभा वाया घालवल्या."

मैनाक्काने आठ दिवस मागून घेतले. पदर खोचला आणि ती पायी निघाली. प्रत्येक गावात ती गोठ्यांपाशी जाऊन बसायची आणि एकच विचारायची, "सभेतून उठताना काय ठरलेलं हवंय तुम्हाला?"

माणसं आधी गोंधळायची. असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग बोलायची. आणि सातही गावांत तिला एक वाक्य ऐकू आलं, "डोंगरातल्या गवळ्यांना हाकला. त्यांची गुरं मरत नाहीत. म्हणजे करणी त्यांचीच!"

मैनाक्का डोंगरही चढली. वर गवळ्यांची पंधरा-वीस खोपटी होती. म्हाकू नावाचा म्हातारा गवळी धार काढत होता.

"दोन्ही सभांना तुम्ही दिसला नाहीत, म्हाकूबाबा."

"आम्हाला कोण बोलावतंय, अक्का?"

"मी बोलावते. याल?"

म्हाकूने दुधाचं भांडं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मारणार नसतील, तर येतो."

परत आल्यावर मैनाक्काने निरोप धाडले. प्रत्येक गावातून दोनच माणसं, एक गावाच्या वतीने शब्द देणारा आणि एक रोज गुरांत वावरणारा. मांडव नाही, सनई नाही. चिंचेखाली गोल करून बसायचं. जेवण ठरल्यावर.

कोठीवाले कारभारी कुरकुरले, "राज्याची शोभा जाईल!"

"राज्याची शोभा गोठ्यात मरून पडतेय, कारभारी," मैनाक्का म्हणाली आणि कामाला लागली.

सगळ्यात अवघड काम पुढेच होतं. सभेच्या आदल्या दिवशी राजाने सांगितलं, "उद्या मीच सुरुवात करतो. गवळ्यांना सीमेपार करावं, असं माझं मत आहे. एकदा सांगून टाकलं की वाद नको."

मैनाक्का म्हणाली, "महाराज, आपण शेवटी बोलावं."

राजाच्या कपाळावर आठी उमटली.

"आपण आधी बोललात, तर नंतर फक्त 'होय महाराज' ऐकू येईल. तेवढ्यासाठी सात गावांच्या माणसांना कशाला चालवायचं?"

राजा तिच्याकडे पाहत राहिला. आपल्याला इतकं सरळ कुणी किती वर्षांत बोललं नव्हतं, ते बहुधा तो आठवत असावा. अखेर तो म्हणाला, "बरं. शेवटी बोलेन."

सभा सकाळीच बसली. मैनाक्का म्हणाली, "प्रश्न एकच आहे. गुरं कशाने मरतात आणि उद्यापासून आपण काय करायचं?"

वरच्या गावचे पाटील उठले. त्यांनी पणजोबांच्या शौर्यापासून सुरुवात केली. मैनाक्काने हात जोडले. "पाटील, ती गोष्ट जेवणानंतर आम्हा सगळ्यांना ऐकायचीय. आत्ता एवढंच सांगा, तुमच्याकडे पहिलं जनावर कधी दगावलं?" पाटलांनी सांगितलं आणि ते बसले. रागही आला नाही त्यांना.

एकेक जण बोलला. मैनाक्का मग गोलाच्या टोकाला बसलेल्या म्हाकूकडे वळली. "बाबा, तुमची गुरं का मरत नाहीत?"

कुजबुज झाली. म्हाकू उभा राहिला. "आमची गुरं झऱ्यावर पितात. तुमची खालच्या डोहावर. वरच्या गावचे लोक मेलेली जनावरं घळीत टाकतात. घळीतलं पाणी डोहात उतरतं."

पाटील ताडकन उठले. "आमच्यावर घालतोस?"

काठ्यांवरच्या मुठी आवळल्या गेल्या. मैनाक्का दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. "दोष कुणाचा, हे आज विचारलेलं नाही. गुरं उद्या कुठे पाणी पितील, एवढंच विचारलंय."

तेवढ्यात खालच्या गावचा गुराखी पुटपुटला, "माझ्या दोन गायी डोहावर जात नव्हत्या. त्या जगल्यात." आणखी एकाने मान डोलावली. मग तिसऱ्याने.

पाटील सावकाश खाली बसले. त्यांचा आवाज उतरला होता. "आमची माणसं उद्यापासून खड्डे खणून जनावरं पुरतील. घळही साफ करतील."

"डोहाला आम्ही कुंपण घालतो, चार दिवसांत," दुसऱ्या गावाने शब्द दिला. म्हाकू म्हणाला, "झऱ्याची वाट आम्ही दाखवतो. पाणी सगळ्यांना पुरेल."

कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, हे ज्याने त्याने आपल्या तोंडाने म्हटल्याशिवाय मैनाक्काने एकालाही उठू दिलं नाही. मग ती राजाकडे वळली.

राजा उभा राहिला. "मी आज गवळ्यांना हद्दपार करायला आलो होतो," तो म्हणाला. "आधी बोललो असतो, तर निरपराधांना घालवलं असतं आणि गुरं मरतच राहिली असती. ठरलंय ते माझ्या नावाने अमलात आणा."

ऊन माथ्यावर येण्याआधी पानं मांडली. साधी भाकरी-आमटी होती. पाटलांच्या शेजारी म्हाकू बसला होता आणि पाटील त्याला पणजोबांची गोष्ट सांगत होते.

दोन महिन्यांत रोग हटला. प्रधानजी बरे होऊन आले, तेव्हा त्यांनीच राजाला सांगितलं, की राज्याच्या सभा यापुढे मैनाक्कानेच भरवाव्यात. तिने एकच अट घातली. गवळ्यांचं बोलावणं कधी चुकायचं नाही. राजाने ती मान्य केली आणि त्या राज्यातली कुठलीही सभा पुन्हा रिकाम्या हाताने उठली नाही.

तात्पर्य: ज्याला ठाऊक आहे त्याला बोलावावं, थोरांनी शेवटी बोलावं, आणि काम वाटून घेतल्याशिवाय सभा उठू नये.