नव्या बत्तीचा पायगुण

खाली माणसं आणि वर बत्त्या आपापलं बोलत, तेव्हाची गोष्ट. फॉल्स सीलिंगमधल्या रांगेत शेवटी एक नवी बत्ती बसवली आणि त्याच संध्याकाळी सगळ्या लुकलुकू लागल्या. दारापाशची थोरली तेवढी स्थिर होती.

"हिचाच पायगुण!" थोरली म्हणाली. "भंगारात द्या हिला."

नवी घाबरली.

वायरमन गजाभाऊंनी तिला उतरवून भंगाराच्या खोक्यात टाकलं. तरी बाकीच्या लुकलुकतच राहिल्या. मग त्यांनी पहिलीपासून तपासलं, तर थोरलीकडून पुढे जाणारी वायरच ढिली निघाली. ती आवळून त्यांनी नवीला परत बसवलं.

"मी म्हणतच होते," थोरली म्हणाली, "पोरगी गुणाची आहे."

"हो ना, आत्याबाई," नवी म्हणाली आणि इतकी लख्ख उजळली, की थोरलीच्या कडेची जळमटंसुद्धा दिसू लागली.